सळईवरचं अस्वल

फोटोत अस्वल नव्हतं. बाकी सगळं जागच्या जागी होतं. निवडणुकीचा उमेदवार, त्याच्या गळ्यात पक्षाचा रुमाल, चेहऱ्यावर लग्नघरच्या यजमानाचं हसू. त्याच्यामागे हुसेनकाकांचं दुकान, आणि दुकानामागच्या चढावर माझं घर. लाल विटांचं, बिनगिलाव्याचं, वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया आभाळात घुसलेल्या. डाव्या कोपऱ्यातल्या सळईला मी स्वतःच्या हाताने तारेने करकचून बांधलेलं, माझ्या मुलीचं, मारिनाचं तपकिरी कापडी अस्वल तेवढं नव्हतं. बस सलोनिकेत, एग्नातिया रस्त्यावर सिग्नलला थांबली होती. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, तेव्हा अस्वल असायला हवं तिथे नुसते करडे ठिपके झाले. शेजारी बसलेली म्हातारी माझ्या फोनमध्ये डोकावत होती. मी फोन छातीशी धरला. त्या ग्रीक म्हातारीला आमच्या गावच्या अस्वलाशी काय करायचं होतं? पण सवय जात नाही. फोटो पीरोने पाठवला होता. पीरो आमच्याच गावचा, आता सलोनिकेत पक्षाचं काम बघतो. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, ‘गाव तुमची वाट पाहतंय. मतदानाला फुकट बस.’ गाव वाट पाहतंय ते ठीक, पण माझं अस्वल कुठाय?

आमच्याकडे घर पुरं होईपर्यंत त्याच्यावर काहीतरी टांगून ठेवतात. कोणी लसणाची माळ, कोणी जुनी पँट भरून केलेलं बुजगावणं, कोणी पोरांचं खेळणं. येणाऱ्याजाणाऱ्याची पहिली नजर त्याच्यावर पडावी आणि घर दृष्टीतून सुटावं. आमच्या कोर्चा शहरापासून ग्रीसच्या सीमेपर्यंत रस्त्याने गेलात तर अशी लटकलेली अस्वलं, माकडं, बाहुल्या जागोजाग दिसतील, कारण अर्धवट घरंही जागोजाग आहेत. सगळी आमच्यासारख्यांची, जे सीमेपलीकडे दुसऱ्यांची घरं पुरी करत असतात. घर पुरं झालं, आत चूल पेटली, की घरमालक स्वतः चढून ते काढतो. स्वतः. दुसऱ्याच्या घरावरचं कोणी काढत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे कोणीतरी चढलं होतं. आणि जो चढला होता, तो स्वतःला त्या घराचा मालक समजत होता. वाऱ्याने पडलं असेल, असं मी स्वतःला एकदा सांगून पाहिलं. पण वाऱ्याला पक्कड वापरता येत नाही.

घरी आल्यावर मी बायकोला, लिरियेला फोटो दाखवला. ती लोकांचे जिने धुऊन नुकतीच आली होती आणि स्टुलावर बसून पाय चोळत होती. तिने फोटो लांब धरून बघितला.

“उमेदवार जाड झालाय,” ती म्हणाली.

“घर बघ. घर.”

“बघितलं. आहे की उभं.”

“अस्वल नाहीये.”

“अगंबाई! मग आता पोलिसांत जायचं का?” तिने फोन माझ्या हातात परत ठेवला. “नेवरूझ, अरे, इथल्या घरमालकाला आपण काय सांगणार आहोत ते बोल आधी. तो विकायला निघालाय. आपण घेतलं नाही तर दुसरं कोणी घेईल, आणि आपलं बिऱ्हाड रस्त्यावर. तिथे अस्वल नाही म्हणून तुझा जीव जातोय, इथे आपण आहोत त्याचं काय?”

हा आमचा हल्लीचा रोजचा वाद. तिला सलोनिकेतली ही तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा घ्यायची आहे. मारिनालाही तेच हवं आहे. मारिना स्वप्नंसुद्धा ग्रीकमध्ये बघते. मला गावचं घर पुरं करायचं आहे. दोन्ही होणार नाही, हे तिघांनाही ठाऊक आहे. घर पाहावं बांधून म्हणतात. मी बांधत बसलो आणि बघायचं राहून गेलं. पण त्या विटांमध्ये माझी उमर गेली आहे. ते घर दुसऱ्याच्या घशात गेलं असेल, तर मी इतकी वर्षं या शहराच्या भिंतींना गिलावा कोणासाठी केला? हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना. घर सांभाळायला धाकटा भाऊ आहे, साफेत. त्याला फोन लावला, त्याने उचलला नाही. साफेत माझा फोन उचलत नाही असं कधी होत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कालामारियातल्या ज्या फ्लॅटमध्ये आमचं काम चालू होतं, तिथल्या न्हाणीघरात जाऊन मी नळ सोडला आणि पुन्हा फोन लावला. नळ सोडून बोलायचं हे मी वडिलांकडून शिकलो. त्यांच्या काळात आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात सरकारसाठी कोणीतरी कान लावून बसलेलं असायचं, आणि ते कोण हे कोणालाच माहीत नसायचं. त्यामुळे सगळेच सगळ्यांकडे बघून हसायचे. बटाटे नासले आहेत एवढं सांगायलासुद्धा वडील नळ सोडायचे. सरकार गेलं, पुतळे पडले, वडील गेले, पण पाण्याचा आवाज नसला तर अजून माझ्या तोंडून खरं निघत नाही.

“बोल दादा.” साफेतला धाप लागली होती.

“काल फोन उचलला नाहीस.”

“झोपलो होतो. दमलो होतो जरा.”

“कशाने?”

“असंच. बागेत.”

आमची बाग म्हणजे सफरचंदाची चार झाडं. तेवढ्याने कोणी दमत नाही. मी विचारलं, “घराकडे गेला होतास?”

“रोज जातो की. सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस.”

“अस्वल?”

तो क्षणभर थांबला. एवढंसंच. पण मी थांबणं ओळखतो. “आहे ना,” तो म्हणाला. “ते कुठं जातंय?”

आणि त्याच वेळी त्याच्यामागून एक माणूस ओरडला. ग्रीकमध्ये. स्वच्छ, खणखणीत, इथल्या मुकादमाच्या ग्रीकमध्ये: “अरे, ती शिडी उचल, त्या टोकाला लाव!”

“कोण रे ते?”

“टीव्ही,” साफेत म्हणाला. “ठेवतो दादा, दूध उतू जातंय.”

टीव्हीवर शिडी लावायला कोण कशाला सांगेल? नळ बंद केला तरी कानात पाणी वाहतच होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. बाहेर येऊन मी थापी हातात घेतली आणि भिंतीवर माल मारू लागलो, आणि प्रत्येक थापीबरोबर गोष्ट जुळत गेली. अस्वल काढलं, म्हणजे घर पुरं होतंय. शिडी आहे, म्हणजे भिंतींचं काम चाललंय. ग्रीक माणूस आहे, म्हणजे पैसा ग्रीसमधला आहे. हल्ली यानिनाचे, कास्तोरियाचे लोक आमच्या डोंगरात घरं घेतात असं ऐकलं होतं. हवा चांगली, जमीन स्वस्त, आणि विकायला भाऊ तयार. कागद साफेतच्याच नावावर होते. मी इकडे, तो तिकडे, दर वेळी कचेरीत कोण जाणार म्हणून मीच त्याच्या नावावर करायला सांगितले होते. सोबतचा गवंडी, पावलोस, म्हणाला, “निको, भिंतीवर राग काढू नकोस, ओळंबा सुटतोय.” इथे मला सगळे निको म्हणतात. मी थांबून बघितलं, भिंतीला पोट आलं होतं. माझ्या हातून असं होत नाही.

त्या आठवड्यात मी साफेतचा सगळा जन्म उलटून पाहिला. लहानपणी तो माझ्या वाटणीचं चीज खायचा आणि मांजरावर ढकलायचा, तेही आठवलं. त्याने लग्न केलं नाही. मी आजवर समजत होतो की जमलं नाही, आता वाटू लागलं की वाटेकरी नको म्हणून केलं नसेल. मग खिंड आठवली. सीमा उघडली त्या हिवाळ्यात आम्ही दोघंही निघालो होतो, फ्लोरिनाच्या बाजूने, बर्फातून, पाच-सहा गावकऱ्यांबरोबर. वर पोचलो तेव्हा खाली ग्रीसचे दिवे दिसत होते. साफेत एकोणीस वर्षांचा, आनंदाने वेडा झालेला. मी त्याला म्हटलं, तू परत जा. आई एकटी आहे. एकाने बाहेर कमवायचं, एकाने घर धरायचं; दोघं गेलो तर गाव आपल्याला विसरेल. तो काही बोलला नाही. त्याने स्वतःच्या पाठीवरची लाक्रोरची, म्हणजे भाजी भरलेल्या पोळीची पुरचुंडी, आईने दिलेली, काढून माझ्या पिशवीत टाकली आणि वळला. मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं, शहाणा पोरगा. आता सलोनिकेच्या बसमध्ये तेच आठवून म्हणत होतो, गप्प बसला, म्हणजे तेव्हाच मनात धरलं असणार. संशयाला काय, जुनं सामानही चालतं. खिंडीनंतरच्या पहिल्या वसंतात मी वेरियाला पीचच्या बागांत राबलो, मालक आम्हाला गोदामात झोपवायचा आणि पोलीस आले की मक्यातून डुक्कर हाकावं तसं हाकून लावायचा, हे मी साफेतला कधी सांगितलं नाही. त्याला सांगायचो, इकडे सगळं ठीक आहे.

पीरोच्या बसमध्ये मी नाव दिलं. साफेतला कळवलं नाही. कळवून गेलं तर लपवायला वेळ मिळतो. लिरियेने डबा भरून दिला आणि दारात म्हणाली, “भावाच्या अंगावर जाऊ नकोस. आधी बघ, मग बोल. आणि अस्वल सापडलं तर माझा नमस्कार सांग.” बस पहाटे निघाली. सगळ्या जागा भरलेल्या. रंगारी, प्लंबर, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका, दोन ट्रकवाले. पीरो पुढे उभा राहून पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या वाटत होता.

“टोपी घाला रे, फोटो काढायचाय!”

“टोपी नको, पीरो, डोक्यावर छप्पर द्यायला सांग तुझ्या उमेदवाराला,” मागून एक बाई म्हणाली.

“देणार! आपली पोरं परत आणणार म्हणालाय तो.”

“त्याची स्वतःची दोन्ही पोरं जर्मनीत आहेत. तिथून सुरुवात कर म्हणावं.”

सगळी बस हसली, पीरोसुद्धा. मी हसलो नाही. मी पीरोकडे बघत होतो. उमेदवाराबरोबर गावात गेला होता तो. फोटो त्यानेच काढला होता. अस्वल नाही हे त्याला दिसलं नसेल? वाटून झाल्यावर तो पुढच्या पायरीवर टेकला, तसा मी जाऊन शेजारी बसलो आणि सहज विचारावं तसं विचारलं, “गावात साफेत भेटला का रे?”

“साफेत?” पीरोने टोप्यांची पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. “नाही बुवा. गर्दी होती.”

आमच्या गावात गर्दी! मतदारयादीत गाव खचाखच भरलेलं आहे, पण रस्त्यावर कुत्रंही आडवं येत नाही. शिवाय उमेदवार आला, जेवण झालं, आणि साफेत तिथे नाही? साफेतने आजवर एकाही पक्षाचं जेवण सोडलेलं नाही. तो म्हणतो, मत एकालाच देता येतं, पण मेंढा सगळ्यांचा खाता येतो. म्हणजे तो मुद्दाम लांब राहिला. गावाला तोंड दाखवायला नको म्हणून. सीमेवरच्या नाक्यावर आमच्या पोलिसाने पासपोर्ट बघितला आणि म्हणाला, “मतदानाला? वा, वा. दर चार वर्षांनी तरी याल.” मला त्याच्यातही काहीतरी वाकडं दिसलं.

शाळेपाशी बस थांबली. शाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली, ती आता निवडणुकीपुरती उघडते. बाकीचे रांगेत गेले. मी चढ चढलो. वाटेतली घरं बघत नव्हतो, तरी दिसत होती. तीन नवी कोरी, संगमरवरी कठडे, कुलपं. घराच्या अलीकडच्या वळणावर मी थांबलो आणि श्वास धरून ऐकलं. थापीचा आवाज, मालाच्या घमेल्याचा आवाज, रेडिओ, काहीही. एक मधमाशी होती. मग मी वळण घेतलं. घर होतं. विटा उघड्याच होत्या. शिडी नव्हती, ग्रीक नव्हता, चुन्याचा ठिपका नव्हता. खिडक्यांना ठोकलेल्या फळ्या तशाच, दाराला माझंच कुलूप, कुलपावर गंज. सळईला तार लोंबत होती, पकडीने कापलेली. मी दाराला खांदा लावून बघितला, मागे जाऊन बघितलं, जमिनीवर पावलं शोधली. गवत गुडघ्याएवढं. रोज येणाऱ्या माणसाची पायवाट कुठेच नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही, कारण चोर असता तर तो तरी इथे आला असता.

“कोण ते?” खालून आवाज आला. हुसेनकाका गाढवाला घेऊन चढत होते, हातात काठी. जवळ येऊन त्यांनी डोळे बारीक केले. “नेवरूझ? अरे लेका! मत द्यायला?”

“हो. काका, अस्वल कोणी काढलं?”

“मी,” ते म्हणाले. अगदी सहज. गाढवाची दोरी त्यांनी माझ्या दाराच्या कडीला अडकवली आणि पायरीवर बसले. “रागावू नकोस. काढायला नको होतं, कळतंय मला. पण हल्ली रोज संध्याकाळी ते वरून माझ्याकडे बघायचं. आणि खाली मी एकटा. बाकी दिवा नाही कुठं. शेवटी एक दिवस वर चढलो, गुडघे फोडून घेतले, आणि काढून दुकानात ठेवलं. तिथं बरं वाटतं, सोबत होते.”

“पण दृष्ट—”

“कोणाची रे?” काकांनी काठीने खालचं गाव दाखवलं. “नजर लावायला तरी माणूस लागतो ना? बेक्तेशची पोरं गेली, सोतीर गेला, पुलावरचे सगळे गेले. मी तुझ्या घराकडे बघून जळू म्हणतोस? मला मोतीबिंदू आहे.”

ते हसले. मला हसता येईना. मी विचारलं, “आणि साफेत?”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. “साफेत तुझ्याकडे आहे ना? मार्चात गेला. दुकानात येऊन सांगून गेला, दादाने बोलावलंय, आता तिकडेच कामाला लावतोय मला. चांगला शर्ट घातला होता. किल्ली माझ्याकडे ठेवून गेलाय, पण मला हा चढ रोज होत नाही बाबा.”

 मार्च. मार्चात छाटणी, आता मेमध्ये विरळणी. फांदीवर दाटीने आलेली कोवळी पीच खुडून टाकायची, म्हणजे राहिलेली मोठी होतात. शिड्या लावून, झाडामागून झाड, मान मोडेपर्यंत. “ती शिडी उचल, त्या टोकाला लाव.” ते वाक्य मला कोणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती, मी स्वतः ते ऐकलं होतं, त्याच बागांत, वेरियाला, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. माझ्या घरापासून म्हणजे सलोनिकेच्या; मी मनात तसंच म्हटलं, आणि ते मला ऐकू आलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस शिडीवर चढतो, आणि फोनवर म्हणतो दूध उतू जातंय.

काका खाली उतरून शाळेकडे गेले, त्यांनाही मत द्यायचं होतं. गाढव माझ्या कडीलाच राहिलं. मी अंगणात उभा राहिलो. भोवती नळ नव्हता, पाण्याचा आवाज नव्हता. मी फोन लावला.

“बोल दादा.”

“कुठे आहेस?”

“इथंच. तुझ्या घरासमोर उभा आहे.”

मी घरासमोर बघितलं. गवत होतं.

“कसं दिसतंय?” मी विचारलं.

“छान. तसंच.” त्याचा आवाज सैलावला. “पश्चिमेकडच्या विटा काळवंडल्यात जरा, पावसाने. फळ्या शाबूत आहेत. मागच्या खिडकीची एक सैल झाली होती, मी खिळा मारलाय. आणि दादा, खालच्या पायरीला तडा गेलाय, डावीकडून. तेवढा तू आलास की बघ, मला ते काम जमत नाही.”

तो सांगत होता आणि मी एकेक गोष्ट डोळ्यांनी बघत होतो. सगळं बरोबर होतं. खाली वाकलो. तडा होता, डावीकडून. मला माझ्या घराची ती पायरी त्याच्या तोंडून कळत होती.

“तू कुठं आहेस?” त्याने विचारलं. “निवडणूक आहे ना आज. आला नाहीस ना?”

“नाही,” मी म्हटलं. “कामावर आहे. सलोनिकेत.” आयुष्यभर मी दुसऱ्याचं खोटं पकडत आलो, पण हे बोलताना जीभ अडखळली नाही. त्याने सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. आणि तेवढ्यात दाराशी बांधलेल्या गाढवाने मान वर केली आणि ते ओरडलं, मनापासून, शेवटपर्यंत, सगळा चढ दणाणून.

 मग साफेत हळूच म्हणाला, “त्याला पाणी नाही दाखवलं वाटतं काकांनी.”

“नाही दाखवलं,” मी म्हटलं. “वेरियाला आहेस?”

“हो.”

“झोपायला कुठे?”

“गोदामात. बरं आहे. खाटा आहेत.” तो खाकरला. “तिथं कोणी उरलं नव्हतं रे दादा. बोलायला. मी किती दिवस नुसता बघत बसणार?”

“अरे, मग तासाभरावर आहेस. माझ्याकडे का नाही आलास?”

“आलो होतो. एकदा. सुट्टी होती. तुझ्या दारापर्यंत आलो. आत भांड्यांचा आवाज येत होता, वहिनी कोणावर तरी ओरडत होती. बराच वेळ उभा होतो.”

“मग बेल का नाही वाजवलीस?”

त्याच्यामागे तो ग्रीक माणूस पुन्हा कोणालातरी हाका मारत होता. 

“तू दार उघडून पहिलं काय विचारलं असतंस, दादा?”

घराकडे कोण आहे, हेच विचारलं असतं मी. खाली शाळेपाशी पीरो बसचा हॉर्न वाजवत होता, आणि माझं मत अजून द्यायचं राहिलं होतं.